डॉ. मारिया माँटेसरी : जीवनप्रवास आणि लहान मुलांचं वाचन



आज आपण डॉ. मारिया माँटेसरी यांच्या जीवनाविषयी माहिती घेणार आहोत. डी.एड.ला असताना यांच्यावर टीप हमखास यायची. जन्म, बालगृह, ज्ञानेंद्रियांचं शिक्षण, स्वयंशिक्षण असे चार मुद्दे लिहिले की झालं. मीही तशीच लिहिली आणि गुणही मिळवले. पण या बाईंनी मुलांना वाचायला कसं शिकवलं, हे त्या टिपेत कधी नव्हतं. ते मी वाचलं फार उशिरा, तेही माझी एक चूक उघडी पडल्यावर.

चूक अशी. माझ्या वर्गातला एक मुलगा धडा घडाघडा वाचायचा. सगळ्या वर्गाबरोबर वाचताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याच्या नावापुढे वाचन येते अशी नोंद मी बिनधास्त करून टाकली होती. एके दिवशी पाच मुलांना घेऊन सतरंजीवर बसले, प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं आणि यानं वाचायला सुरुवात केली. शब्द न् शब्द बरोबर! पान मात्र दुसऱ्याच धड्याचं उघडलेलं. पोराला सगळं पाठ होतं, वाचता काहीच येत नव्हतं, आणि दिवाळी उलटून गेली तरी मला त्याचा पत्ता नव्हता. पूर्ण वर्गाच्या एका सुरात तो मला सापडणारच नव्हता. पाच जणांत पाच मिनिटांत सापडला.

म्हणून आज माँटेसरीबाईंचं चरित्र सांगताना मी वाचनाच्या भागावर जास्त रेंगाळणार आहे. बाकीचं तुम्हाला कुठेही मिळेल.

बालपण आणि डॉक्टरकी

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाल्ले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र वाचनाची आवड असलेली. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोमला आलं. तेराव्या वर्षी तिनं मुलग्यांच्या तांत्रिक शाळेत नाव घातलं, कारण तिला इंजिनिअर व्हायचं होतं. नंतर विचार बदलला आणि तिनं वैद्यकीय शिक्षण घ्यायचं ठरवलं. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. शवविच्छेदन मुलग्यांसोबत करणं स्त्रीला अशोभनीय मानलं जाई, म्हणून तिला ते संध्याकाळी एकटीनं करावं लागे. १८९६ मध्ये ती रोम विद्यापीठातून डॉक्टर झाली.

आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत ती इटलीची पहिली स्त्री डॉक्टर असं छापलेलं असतं. तसं नाही. तिच्या आधीही काही स्त्रिया तिथे डॉक्टर झाल्या होत्या. पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी एक एवढं म्हटलं तरी तिचं मोठेपण कमी होत नाही. परीक्षेत लिहिताना तेवढं सांभाळा.

वेड्यांच्या इस्पितळातली मुलं

डॉक्टर झाल्यावर त्यांना रोमच्या मनोरुग्णालयांत जावं लागे. तिथे मतिमंद समजली गेलेली मुलं मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडलेली असत. एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितला जातो. मुलांना सांभाळणारी बाई तक्रार करत होती की ही पोरं जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसतात, हावरट आहेत. माँटेसरीबाईंनी खोलीत नजर फिरवली. तिथे त्या तुकड्यांशिवाय हातात धरण्यासारखी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक होती ती हातांना काही करायला मिळण्याची.

मग त्यांनी इतार्द आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं लेखन शोधून काढलं आणि त्याचं इटालियन भाषांतर स्वतःच्या हातानं लिहून काढलं. १९०० मध्ये अशा मुलांसाठी रोममध्ये शिक्षकांना तयार करणारी संस्था निघाली. तिची जबाबदारी माँटेसरीबाई आणि डॉ. जुझेप्पे माँटेसानो या दोघांकडे होती. तिथली काही मुलं लिहायला-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण शाळेची परीक्षा पास झाली. लोकांनी वाहवा केली. बाईंना वेगळाच प्रश्न पडला. ही मुलं जर इथवर येतात, तर चांगली धडधाकट मुलं शाळेत जाऊन याच पातळीवर का अडकतात?

याच काळातली एक गोष्ट आपल्या टिपेत कधीच नसते. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. वडील डॉ. माँटेसानो. दोघांचं लग्न झालं नाही. त्या काळच्या इटलीत अविवाहित स्त्रीनं मूल जवळ ठेवलं असतं तर तिची डॉक्टरकी, नाव, सगळंच गेलं असतं. मारिओला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवलं. बाई त्याला भेटायला जायच्या, पण आई म्हणून नाही. जगातल्या मुलांना कसं वाढवावं हे पुढे ज्यांनी सांगितलं, त्यांना स्वतःचं मूल तेव्हा वाढवता आलं नाही. १९०१ मध्ये माँटेसानोंनी दुसरीकडे लग्न केलं आणि बाई ती संस्था सोडून पुन्हा विद्यापीठात शिकायला गेल्या.

सान लोरेन्झोची चाळ

आता मुख्य भागाकडे येऊ. रोममधली सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची गरीब वस्ती. एका बांधकाम संस्थेनं तिथल्या चाळी दुरुस्त करून भाड्यानं दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, मोठी भावंडं शाळेत, आणि मधली लहान पोरं जिन्यात दंगा करत भिंती खराब करायची. भिंती वाचवायच्या म्हणून या पोरांना एका खोलीत गोळा करायचं ठरलं आणि माँटेसरीबाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी ही खोली सुरू झाली. नाव पडलं कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. पन्नासच्या वर मुलं, वय सहाच्या आत, आणि सांभाळायला शिक्षिकेचं प्रशिक्षण नसलेली एक बाई.

बाईंचा तिथे लिहिणं-वाचणं शिकवायचा बेत नव्हता. सहा वर्षांच्या आत अक्षरांना हात लावू नये, असं इतरांसारखंच त्यांनाही वाटायचं. मग दोन-तीन आया त्यांच्याकडे आल्या. स्वतः निरक्षर. आमच्या पोरांना लिहा-वाचायला शिकवा, म्हणाल्या. पालकहो, हे मुद्दाम सांगते. ज्या गोष्टीसाठी पुढे जग या शाळेकडे बघायला आलं, ती सुरू झाली निरक्षर आयांच्या मागणीवरून.

अक्षरं लाकडाची हवी होती, पण ती करून मिळाली नाहीत. मग त्यांनी कागदाची कापली, आणि सुतार लाकूड घासायला वापरतो तो खरखरीत कागद कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. आपण दुकानात पॉलिश पेपर मागतो ना, तोच. मुलानं त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेनं बोट फिरवायचं आणि बाईंनी त्याचा फक्त उच्चार सांगायचा. डोळा, बोट आणि कान तिघंही एकाच वेळी कामाला.

हा पाठ सगळ्या वर्गाला एकदम देता येत नाही. एका मुलाला, फार तर शेजारी बसलेल्या दोघा-तिघांना. पद्धत तीन पायऱ्यांची, मूळ सेगँची. आधी अक्षर दाखवून उच्चार सांगायचा. मग दोन-तीन अक्षरं समोर ठेवून त्यातलं अमुक कोणतं ते दे म्हणायचं. शेवटी एक अक्षर दाखवून हे काय आहे, असं विचारायचं. मूल चुकलं तर चुकलास म्हणायचं नाही, पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचं नाही. हसून अक्षरं उचलून ठेवायची. आज त्याची वेळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला यातली शेवटची गोष्टच सगळ्यांत अवघड जाते. आपली जीभ चुकलं म्हणायला टपलेलीच असते.

मग डिसेंबरातला तो दिवस. छान ऊन पडलं होतं म्हणून बाई मुलांना घेऊन गच्चीवर गेल्या. शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन त्यांनी समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं फरशीवर काढलं. बाईंनी कौतुक केलं. पोरगा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि एकदम ओरडला की मला लिहिता येतं! खाली वाकून त्यानं हात या अर्थाचा शब्द लिहिला, मग धुराडं, मग छप्पर. त्याला तोपर्यंत कोणी शब्द लिहायला शिकवलाच नव्हता. अक्षरं बोटात बसली होती, सुट्ट्या अक्षरांनी शब्द जुळवून झाले होते, ते त्या दिवशी बाहेर आले. त्याचं बघून बाकीची मुलंही खडू मागायला लागली, आणि काही दिवसांत जमीन, दारं, जे सापडेल ते लिहून भरलं.

आपल्याला वाटेल, झालं, वाचायला आलं. नाही आलं! हाच भाग मला महत्त्वाचा वाटतो. मुलं लिहीत होती, पण लिहिलेल्यातून दुसरा माणूस आपल्याशी काही बोलतो आहे हे त्यांना उमगलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. हे वाचता येत असेल त्यानं येऊन मला एक पापा द्यावा, असा त्याचा अर्थ. कोणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलांना वाटलं, आपण मजेसाठी लिहितो तशा बाईही मजेसाठी लिहीत असतील. चौथ्या दिवशी एक चिमुरडी पुढे आली आणि पापा देऊन गेली.

वाचन बाईंनी तिथे धरलं. अक्षरं ओळखून मोठ्यानं आवाज काढणं म्हणजे वाचन, हे त्यांना मान्य नव्हतं. लिहिलेल्यातला अर्थ मुलापर्यंत पोचला तरच ते वाचन. म्हणून त्यांनी पुस्तक नाही दिलं, चिठ्ठ्या दिल्या. एका चिठ्ठीवर एका वस्तूचं नाव. मूल आधी सावकाश एकेक ध्वनी उच्चारतं, मग थोडं भरभर, आणि भरभर म्हणता म्हणता शब्द त्याच्या डोक्यात उजळतो. मग चिठ्ठी त्या वस्तूपाशी नेऊन ठेवायची. त्यांनी खेळणीही आणली होती. जो चिठ्ठी वाचेल त्याला ते खेळणं खेळायला. मुलांनी खेळणी बाजूला ठेवली आणि पुढची चिठ्ठी मागितली. एक झाली की दुसरी. बाई स्वतःच थक्क झाल्या. पुढे चिठ्ठ्यांवर कामं आली. दार लाव, खुर्ची आण, अशी. मूल मनातल्या मनात वाचायचं आणि उठून ते काम करायचं. एक शब्दही न बोलता त्याचं वाचन तपासून व्हायचं!

पुस्तकाकडे मुलं आणखी नंतर वळली. एक मुलगा चुरगळलेला कागद घेऊन आला, कुठल्या तरी पुस्तकाचं फाटलेलं पान होतं. यात एक गोष्ट आहे, असं तो इतरांना सांगत होता. त्यानंतर मुलं पुस्तकं मागायला लागली.

आपल्या वर्गात काय करता येईल?

इटालियन आणि मराठीत एक साम्य आहे. जसं बोलतो बरंचसं तसंच लिहितो. त्यामुळे इंग्रजीपेक्षा ही पद्धत आपल्याला जवळची. अडचण काना-मात्रा आणि जोडाक्षरांची. वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, हे पाच वर्षांच्या मुलाला विचित्र वाटणारच. म्हणून मी बाराखडीच्या क्रमानं जात नाही. न, म, क, र आणि काना एवढं घेतलं तरी कान, नाक, काम, मका, नारा, कामकरी नाही पण कामकाज सोडून बरंच काही जमतं (ज आला की तेही जमेल). अक्षरं थोडी, शब्द लगेच.

वर्ग मोठा असतो हे मला कळतं. चार-पाच जणांचा एक गट सतरंजीवर, बाकीची मुलं चिकणमाती, चित्रं, बिया जुळवणं यांत. बारा-पंधरा मिनिटं पुरतात. गट नेहमीसाठी पक्के करू नका, नाहीतर मुलांना कोणता गट हुशारांचा ते आठवड्यात कळतं. सगळ्यांना एका सुरात वाचायला लावू नका. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या आणि गप्प बसून बघा. तो मुलगा, ज्याचं मी वर सांगितलं, त्याला नुसते शब्द दिले तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघून अंदाज करायचा. मग कामाच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. कित्येक दिवस तो चिठ्ठी हातात धरून बसून राहिला. मी काही बोलले नाही, फार जड गेलं. एके दिवशी उठला, कोपऱ्यातला माठ गाठला आणि पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. चिठ्ठीवर पाणी आण असं होतं. रजिस्टरातली जुनी नोंद मी खोडली आणि त्या दिवसाची तारीख घातली.

घरी पालकांनाही हे सहज जमेल. रोज एक चिठ्ठी, मुलाला आवडेल अशा कामाची. चूक काढायची नाही, एवढंच पथ्य.

पुढचं आयुष्य आणि भारत

१९०९ मध्ये बाईंचं पहिलं मोठं पुस्तक आलं आणि त्या जगभर पोचल्या. १९१२ च्या अखेरीस आई वारल्या आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ कायमचा त्यांच्याजवळ आला. पण लोकांत त्याची ओळख पुतण्या, भाचा अशीच करून दिली जायची. १९१५ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांचा वर्ग काचेच्या भिंती लावून चालवला गेला आणि लोक बाहेरून बघत उभे राहत. इटलीत मुसोलिनीच्या सरकारनं आधी त्यांच्या शाळांना पाठबळ दिलं आणि त्यांनी ते घेतलं, हेही सांगायला हवं. पण पाच वर्षांच्या मुलाला हुकमावर चालवायचं म्हटल्यावर ते जमणार नव्हतं. १९३४ मध्ये संबंध तुटले, शाळा बंद झाल्या, बाईंनी देश सोडला. दोन वर्षांनी यादवी युद्धामुळे स्पेनही सोडावं लागलं.

आपल्याकडे त्यांचं काम त्यांच्या आधी पोचलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९३१ मध्ये लंडनला गांधीजी आणि माँटेसरीबाईंची भेट झाली. परदेशी साहित्य आपल्या गरीब मुलांना परवडणार कसं, हा प्रश्न इथल्या सगळ्यांनाच होता. त्याचं उत्तर पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दिलं. पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन त्या मुलांच्या अंगणातच शाळा घेऊन गेल्या. गिजुभाई जून १९३९ मध्ये गेले. माँटेसरीबाई मद्रासच्या अड्यारला पोचल्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांचा वर्ग सुरू झाला. देशभरातून शिक्षक आले. बाई इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत भाषांतर करी. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि एका दिवसात हे दोघं इंग्रज सरकारच्या दृष्टीनं शत्रूदेशाचे नागरिक ठरले. वयामुळे बाईंना अड्यारच्या आवारातच राहायला सांगितलं. मारिओला नेलं आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, स्थानबद्धांच्या छावणीत.

त्या ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. व्हाइसरॉयकडून तार आली. तुमच्या वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार करून आम्ही तुमचा मुलगा तुम्हाला परत पाठवत आहोत, असा तिचा आशय होता. पुतण्या नाही, मुलगा. बेचाळीस वर्षं लोकांत न उच्चारलेला शब्द सरकारी तारेत छापून आला, आणि मारिओ नगरहून अड्यारला परतला.

युद्ध संपेपर्यंत दोघं भारतातच राहिले, त्यातला बराच काळ कोडाईकॅनॉलला. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली शिकले. १९४६ मध्ये त्या युरोपला गेल्या, पुढच्याच वर्षी पुन्हा आल्या आणि १९४९ पर्यंत इथे काम केलं. शांततेच्या नोबेलसाठी तीनदा त्यांचं नाव सुचवलं गेलं, मिळालं नाही.

शेवटी त्या नेदरलँड्समध्ये राहत होत्या. ६ मे १९५२ रोजी नूर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आफ्रिकेतल्या घानाला जाऊन तिथल्या शिक्षकांना शिकवायचं, अशी बोलणी तेव्हा चालली होती. प्रवास झेपणार नाही असं मारिओला वाटत होतं आणि बाईंना जायचं होतं. त्या दिवशीही मायलेकांचं त्यावरच बोलणं झालं होतं. त्यांना नूर्डवाइकलाच पुरलं आहे.